दुसऱ्या झेंड्यापाशी

“ताई, छत्री ऱ्हाऊ दे की. ऊन लई लागंल,” हिंदुराव मिस्त्री जीपमधूनच म्हणाले.

“नको. वाऱ्यानं फडफडती. मला ऐकायचंय.”

त्यांनी छत्री परत जीपमध्ये टाकली. लोखंडी खुर्ची, पाण्याची बाटली आणि चपात्यांचा डबा माझ्यापाशी ठेवला, आणि जीप आली तशी निघून गेली. कच्छच्या छोट्या रणात, दुसऱ्या झेंड्याच्या बाजूला, मांडीवर पत्र्याची पेटी घेऊन मी एकटी बसले. पेटीला एकच लाल बटण होतं.

चहूकडे पांढरी सपाट जमीन. झाड नाही, दगड नाही, कुत्रं नाही. आमच्या कोल्हापुरात माणसाने एकटं राहायचं ठरवलं तरी राहता येत नाही, कुणीतरी चहाला ओढून नेतंच. इथे मी मोठ्याने खोकले तर तो खोकलासुद्धा कुठे पोचला नाही. मला तिथे अजिबात आवडलं नाही, हे आधीच सांगून टाकते. पण ती जागा मी स्वतःच मागून घेतली होती, त्यामुळे तक्रार करायची सोय नव्हती.

लांब क्षितिजाशी एक काळा ठिपका दिसत होता. ती आमची गाडी. तिच्यात माझा धाकटा भाऊ धैर्यशील बसणार होता.

गाडी खरं तर आण्णांची, म्हणजे आमच्या वडिलांची. उद्यमनगरात आमचं बॉयलर बनवायचं वर्कशॉप. गुऱ्हाळं, भातगिरण्या, साखर कारखाने यांच्यासाठी आण्णांनी आयुष्यभर बॉयलर केले, आणि म्हातारपणी डोक्यात घेतलं की वाफेवर पळणारी, देशातली सगळ्यात वेगवान गाडी करायची. लोक हसले. आण्णा म्हणाले, “हसू देत. हसणाऱ्याला फुकट बसवणार न्हाई.” गाडी निम्मी झाली आणि आण्णा गेले. उरलेली निम्मी आम्ही दोघांनी पुरी केली. धैर्यशीलने पळायचं बघितलं, मी थांबायचं.

आई गेली तेव्हा तो पाच वर्षांचा होता आणि मी चौदा. त्याला न्हाऊ घालायचं, शाळेत सोडायचं, आण्णांच्या मारातून सोडवायचं, हे सगळं माझ्याकडे आलं. त्यातच मी मेकॅनिकलचा डिप्लोमा केला. लग्नाचं वय मधल्या मध्ये निघून गेलं. लक्षात आलं तेव्हा थोडं वाईट वाटलं, पण फार नाही, कारण घरात तो होता.

लोकांना वाफ माहीत असते ती पांढरी. खरी तापलेली वाफ डोळ्यांना दिसतच नाही. आण्णा बॉयलरघरात गळती शोधताना केरसुणी पुढे धरून चालायचे. केरसुणीचे हीर तुटून खाली पडले की समजायचं, इथे गळतंय. हाताने शोधणाऱ्याला नंतर हात शोधावा लागला असता. तशी वाफ धैर्यशीलच्या पाठीमागे दोन हातांवर कोंडलेली असणार होती.

म्हणून मी त्याच्या पाठीशी पोलादाची दुहेरी भिंत घातली. नळी फुटलीच तर वाफेने खालच्या बाजूने बाहेर पडावं अशी वाट ठेवली. दोन सेफ्टी व्हॉल्व्ह बसवले. मागे पॅराशूट लावलं. डाव्या मुठीत एक दांडा दिला, तो सोडला की आग विझणार. एवढं करून मला झोप येईना. कारण वाफ आत शिरली तर माणूस ओरडायच्या आत बेशुद्ध पडतो, आणि बेशुद्ध माणसाची मूठ सुटेलच असं नाही. कधीकधी ती आवळते. आवळलेल्या मुठीने गाडी पळतच राहिली असती.

त्यासाठी शिट्टी. आण्णांनी स्वतः ओतलेली पितळी शिट्टी गाडीच्या पाठीवर बसवली होती आणि तिची दोरी धैर्यशीलच्या उजव्या हाताशी होती. दर किलोमीटरला एक झेंडा, दर झेंड्याला एक शिट्टी. शिट्टी आली की माझा भाऊ शुद्धीवर आहे. दुसऱ्या झेंड्याला ती आली नाही, तर मी बटण दाबायचं. बटणाचा वायरलेस इशारा गाडीत पोचला की आग बंद होणार, सगळी वाफ वरच्या बाजूने बाहेर जाणार आणि पॅराशूट उघडणार. बोलायचा वायरलेस आम्ही करून बघितला होता, पण गाडीच्या घरघराटात एक शब्द कळत नव्हता. शिट्टी मात्र पुढच्या झेंड्यापर्यंत ऐकू यायची.

तिसऱ्या झेंड्यानंतर वेग मोजायची पट्टी सुरू व्हायची. तिथे पुण्याच्या मोटार क्लबाचे फाटकसाहेब आपली यंत्रं लावून बसले होते. ते दुसऱ्या दिवशी परत जाणार होते. आणि त्याहून मोठी अडचण पाण्याची होती. रणातलं खारं पाणी बॉयलरला विष. आम्ही टँकरमधून आणलेलं, क्षार काढलेलं मऊ पाणी सरावातच संपत आलं होतं. आता एका फेरीपुरतं उरलं होतं.

आदल्या दिवशी संध्याकाळी टँकरच्या सावलीत मी जुनी साडी फाडून चिंध्या करत बसले होते. हळदी रंगाची, हिरव्या काठाची साडी. वर्कशॉपात चिंध्या कधी पुरत नाहीत. आण्णांचा नियम असा होता की हातातलं काम सोडून उठताना कुठलंही उघडं तोंड तसंच टाकायचं नाही. पाइप असो, नळी असो, चिंधी कोंबायची, आणि चिंधीचं शेपूट बाहेर लोंबत ठेवायचं, म्हणजे विसरलं तरी दिसतं. धैर्यशीलने लहानपणी एकदा एक नळी उघडी टाकली, तिच्यात नट पडला, आणि आण्णांनी सगळ्या कामगारांसमोर त्याच्या मुस्काडात दिली. तेव्हापासून तो घरी तेलाची बाटलीही उघडी राहू देत नसे. जेवताना फार बोललास तर स्वतःच्याच तोंडात चिंधी कोंबशील, असं मी त्याला चिडवायची.

त्या संध्याकाळी तो चहाचा पेला घेऊन माझ्यासमोर उकिडवा बसला. मग म्हणाला, “आक्का, उद्याच्या फेरीला पेटी फाटकसाहेबांकडं दे.”

“का?”

“तू माझी बहीण हाईस. तुझा हात लवकर जाईल.”

“मग तुला कसला हात पाहिजे? उशिरा जाणारा?”

“तसं नव्हं गं.”

“मग कसं?”

त्याने पेला खाली ठेवला. “सरावात तू एकदा बटणावर बोट ठेवून बसली होतीस. हिंदुरावांनी बघितलं. शिट्टी आली तरी बोट काढलं नव्हतंस.”

ते खरं होतं. मी साडी टर्रकन फाडली. “हे बघ धैर्या. शिट्टी ऐकू आली तर मी बटणाला हात लावणार न्हाई, मग गाडी उडत जाऊ दे. ऐकू न्हाई आली तर कुणाला विचारणार न्हाई. दाबणार. एवढं कबूल असंल तर गाडीत बस.”

“एकच फेरी हाय, आक्का.”

“मला एकच भाऊ हाय.”

तो हसला. मला वाटलं, पटलं. आता वाटतं, फक्त हसला.

सकाळी बॉयलर तापला, वाफेच्या दाबाचा काटा वर चढला, आणि निघायच्या आधी मी धैर्यशीलला दोरी ओढायला लावली. शिट्टी अशी कडाडली की लांब मिठागरात राहणाऱ्या अगरियांची कुत्री भुंकायला लागली. मी मान डोलावली. त्याने नारळ फोडला, गाडीला कुंकू लावलं. मी त्याच्या कपाळाला लावायला गेले तर म्हणाला, “हेल्मेट घालायचंय. रात्री लाव.” मग हिंदुराव मला घेऊन निघाले.

आणि आता मी खुर्चीत बसून वाट बघत होते.

ठरलेली वेळ टळली. वारा सुटला होता. पांढरी भुकटी जमिनीलगत सरपटत माझ्या पायांवरून जात होती. तोंडात मीठ आलं. ठिपका जागचा हलेना. वारा पडायची वाट बघत असणार, मला कळत होतं. पण कळणं वेगळं आणि तिथे बसणं वेगळं. मी डबा उघडला आणि चपातीवर मीठ बसलं म्हणून बंद केला. आण्णांची आठवण आली. ते असते तर मला इथे बसावं लागलं नसतं, किंवा निदान शिव्या द्यायला शेजारी कुणीतरी असतं.

हळूहळू वारा मंदावला. गाडी सुटली की दिवाळीतलं रॉकेट उडवायचं, अशी आमची खूण होती. ते वर गेलं. मी बटणावरचं झाकण काढलं. बोट मात्र बटणावर ठेवलं नाही, शेजारी पत्र्यावर ठेवलं. त्याला कबूल केल्याप्रमाणे.

ठिपक्यामागे धुरळ्याची शेपटी उठली. घरघर आधी पायांना कळली, मग कानांना. गाडी पहिल्या झेंड्याशी आली. मी श्वास धरून ऐकलं. काही आलं नाही. सरावात पहिल्या झेंड्याची शिट्टी पुसट का होईना यायची. वारा आडवा आहे, मी स्वतःला सांगितलं. दुसऱ्याला येईल. दुसरा तर माझ्या डोळ्यांसमोर आहे.

गाडी मोठी होत गेली. काळी, लांब, जमिनीला चिकटलेली. काचेआड पांढरं हेल्मेट दिसलं. ते हलत नव्हतं. सरळ रेषेत जाणाऱ्या माणसाचं हेल्मेट हलायचं कारण नसतं, हे मला माहीत होतं. बेशुद्ध माणसाचंही हलत नाही, हेही माहीत होतं. ती माझ्यासमोरून गेली, झेंडा फाडत गेली, आणि तिच्या आवाजात गर्जना होती, फुत्कार होता, सगळं होतं, शिट्टी नव्हती.

मी बटण दाबलं.

गाडीच्या पाठीतून पांढरा ढग सुटला, झाडाएवढा, मग देवळाएवढा. त्यात पॅराशूट उघडलेलं दिसलं आणि मग काहीच दिसेना. मी पळत सुटले. चपला निघाल्या, मिठाच्या खपल्या पायांना कापत होत्या. मी त्याला हाका मारत होते, आणि त्या हाका मलाच ऐकू येत होत्या. त्या पळण्यात मी देवाला काय काय कबूल केलं ते सांगत नाही. त्यातलं पुढे एकही पाळलं नाही.

गाडी तिसऱ्या झेंड्याच्या थोडी अलीकडे थांबली होती, पट्टी सुरू व्हायच्या आधी. ढग विरत होता. धैर्यशील हेल्मेट हातात घेऊन बाहेर उभा होता. अंगावर ओरखडा नव्हता. मी तिथेच मिठात बसले.

“काय झालं?” तो ओरडला. “आक्का, काय झालं? तू का दाबलंस?”

“तू ठीक हाईस?”

“मला काय झालंय? तू का दाबलंस?”

“शिट्टी आली न्हाई.”

“मी वाजवली.”

“मला ऐकू न्हाई आली, धैर्या.”

“दोन्ही झेंड्यांना मी दोरी ओढली. आत हेल्मेटात शिट्टी ऐकू येत न्हाई, पण ओढली म्हंजे ओढली. माझ्या हाताला कळत न्हाई काय?” त्याचा आवाज फाटला. “वेगाचा काटा अजून चढत होता. सगळं बरोबर चाललं होतं. सगळं.”

तो गाडीला पाठ लावून उभा राहिला, मग गाडीभोवती फिरायला लागला, चाकं बघत, नळ्या बघत, कुठे काही बिघाड सापडतोय का ते शोधत. बिघाड सापडावा अशी मीही मनातून प्रार्थना करत होते. एखादा तडा, एखादी गळती, काहीही. तो मागच्या बाजूला गेला आणि बराच वेळ तिकडेच राहिला. परत आला तेव्हा चिंधीने तोंड पुसत होता. चिंधी त्याने खिशात कोंबली. डोळे लाल होते. रडला असणार, असं मला वाटलं. मी उठून त्याच्या खांद्यावर हात ठेवला. त्याने तो झटकला नाही, पण माझ्याकडे बघितलंही नाही.

तेवढ्यात दोन्ही बाजूंनी जीप आल्या.

“काय बिघडलं?” फाटकसाहेबांनी उतरता उतरता विचारलं.

“काही नाही,” धैर्यशील म्हणाला.

फाटकसाहेबांनी माझ्याकडे बघितलं. मी सांगितलं, “शिट्टी ऐकू आली नाही.”

“हं. वारा होता आज.” ते फार सभ्य गृहस्थ होते. “समजू शकतो, ताई. बहीण आहात तुम्ही.”

त्यापेक्षा त्यांनी शिवी दिली असती तरी चाललं असतं. मी धैर्यशीलकडे बघितलं. तो हेल्मेटचा पट्टा बांधत होता, सोडत होता.

टँकर रिकामा होता. आम्ही गाडी ट्रकवर चढवली. परतीच्या वाटेवर मी हिंदुरावांबरोबर ट्रकमध्ये बसले आणि तो जीपने पुढे गेला. हिंदुराव वाटेत एकदाच बोलले. “ताई, जित्ता हाय पोरगा. बास की.” मी म्हटलं, “व्हय, बास.” पण बास नव्हतं.

पावसाळ्याआधी आम्ही वर्कशॉपात बॉयलर पुन्हा तापवून बघितला. नळ्या ठीक, भिंत ठीक, व्हॉल्व्ह ठीक. हिंदुरावांनी दोरी ओढली आणि शिट्टी साऱ्या उद्यमनगराने ऐकली. शेजारच्या फौंड्रीतली पोरं दारात येऊन बघायला लागली. एकजण म्हणाला, “आता आली का ऐकू?” त्या दिवसापासून माझं नाव बटणबाई पडलं. तोंडावर ताई, पाठीमागे बटणबाई. धैर्यशीलसमोर कुणी ते म्हटलं तर तो उठून जायचा. माझ्या बाजूने बोलला नाही, माझ्याविरुद्धही बोलला नाही. मला वाटलं, राग इतका आहे की शब्दच उरले नाहीत.

परत रणात जायचं त्याने नावच काढलं नाही. वर्षभरात त्याने निपाणीकडच्या एका कारखान्यात नोकरी धरली, तिकडेच लग्न केलं. गाडी मोडीत गेली. मी वर्कशॉप चालवत राहिले. दवाखान्यातली हत्यारं वाफेवर निर्जंतुक करायचे डबे बनवायला लागले, बरे चालले. भाऊबीजेला तो न चुकता यायचा. पाटावर बसायचा, ओवाळून घ्यायचा, तबकात पाकीट टाकायचा, जेवायचा आणि चारच्या एसटीने परत जायचा. मुलांच्या शाळेबद्दल बोलायचा, उसाबद्दल बोलायचा. रणाबद्दल कधी नाही. तो गेल्यावर घर इतकं मोकळं वाटायचं की मी मुद्दाम भांडी आपटत घासायची.

लोक काय म्हणतात याचं मला फारसं काही वाटत नव्हतं. मला छळणारी गोष्ट वेगळी होती. शिट्टी वाजली होती आणि मी घाबरले होते म्हणून मला ती ऐकू आली नाही, असंही झालं असेल ना? माणूस घाबरला की कान बंद होतात म्हणे. मी त्या गर्जनेत पुन्हा पुन्हा उतरून शिट्टी शोधायची. कधीकधी ती सापडायचीसुद्धा, आणि मग दिवसभर मला अन्न गोड लागायचं नाही. राजारामपुरीतल्या कानाच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं की कान शाबूत आहेत. ऐकून बरं वाटलं, विश्वास बसला नाही. कुकर लावला की मी त्याच्यासमोर उभी राहायला लागले, शिट्टी डोळ्यांनी बघायला. बाहेरच्या खोलीत बसून मोजलेल्या शिट्ट्या मला खऱ्या वाटत नसत. एकट्या बाईचा भात, करपला तर करपला. तरी मी उभी राहायची.

अशी अठराएक वर्षं गेली. एके दिवशी वर्कशॉपात डब्याची चाचणी चालू असताना सेफ्टी व्हॉल्व्ह सुटला की नाही, हे मी तीन वेळा हाताखालच्या पोराला विचारलं. तो सुटला होता. पोरगं हसलं नाही, पण त्याने माझ्याकडे ज्या नजरेने बघितलं त्यावरून मी ठरवलं, आता पुरे. वर्कशॉप विकायचं. धैर्यशीलला फोन केला. निम्मा वाटा त्याचा होता, विचारायला हवं होतं.

“का विकतीस?” त्याने विचारलं.

“कानावर भरवसा उरला न्हाई. वाफेच्या कामात चालत न्हाई ते.”

मग म्हणाला, “भाऊबीजेला येतोच. तोवर सही करू नको कशावर.”

भाऊबीजेला तो आला. डोक्याचे केस गेले होते, पोट सुटलं होतं. मी भाताचा कुकर गॅसवर चढवला होता आणि त्याच्यापाशीच उभी होते. तो पाटावर जाऊन बसला, म्हणून नाइलाजाने बाहेर आले. कुंकू लावलं, ओवाळलं. आत कुकरची एक शिट्टी झाली. मी दचकून तिकडे बघितलं. तो माझ्याकडे बघत होता.

त्याने खिशात हात घातला आणि तबकात पाकीट ठेवलं नाही. घडी केलेली एक चिंधी ठेवली. हळदी रंग विटून मातीसारखा झाला होता. काठ मात्र अजून हिरवा होता.

मी साडी ओळखली. बाकीचं कळायला थोडा वेळ लागला.

“शिट्टीत होती,” तो म्हणाला. खाली तबकाकडे बघत म्हणाला. “त्या दिवशी वारा सुटला. मीठ उडायला लागलं. थांबून ऱ्हायलो होतो. शिट्टीचं उघडं तोंड दिसलं आणि हात गेला. मला कळलंसुद्धा न्हाई. शेपूट वाऱ्यानं फडफडत होतं, तेबी आत सारलं. मग वारा पडला, आणि मी आत जाऊन बसलो.”

“सकाळी तर वाजली होती,” मी म्हटलं. काहीतरी म्हणायचं म्हणून.

“सकाळी वाजली. नंतर कोंबली. मी दोरी ओढली, आक्का. दोन्ही वेळा ओढली. खोटं बोललो न्हाई. पण वाजली न्हाई. वाजणारच नव्हती.”

“मागं गेला होतास तेव्हा काढलीस.”

“व्हय.”

“आणि तिथंच तोंड पुसलंस.”

त्याने मान हलवली. आत दुसरी शिट्टी झाली. तो बोलत राहिला, थांबलं तर पुन्हा बोलता येणार नाही अशा घाईने. “आधी लाज वाटली. आण्णांच्या हाताखाली वाढलेला मी, आणि शेपूट आत सारलं. फाटकसाहेबांसमोर तोंड उघडंना. वाटलं घरी जाऊन सांगू. घरी सगळे तुला बोलायला लागले, तेव्हा वाटलं आता सांगितलं तर आजवर का गप्प होतास म्हणतील. मग दरसाल आणखी उशीर होत गेला. दर भाऊबीजेला ही खिशात घालून आणायचो.”

“अठरा वर्षं मी माझ्या कानांना शिव्या दिल्या, धैर्या.”

“माहीत हाय.”

“कसं माहीत?”

“कुकरपाशी उभी ऱ्हातीस. दरसाल बघतो.”

तेव्हा मला राग आला. त्या रणात आला नव्हता, उद्यमनगरात आला नव्हता, तो सगळा राग तेव्हा आला. दरवर्षी पाटावर बसून याने मला गॅससमोर उभं असलेलं बघितलं होतं, भात खाल्ला होता आणि चारची एसटी पकडली होती. मी त्याला माफ केलं असं लिहिलं तर ते खोटं होईल. त्या दिवशी तरी नाही केलं. पण रागाच्या खाली आणखी काहीतरी होतं, आणि ते हळूहळू वर येत होतं. त्या गर्जनेत शिट्टी नव्हती. मी बरोबर ऐकलं होतं. माझा भाऊ समोरून जात होता, मी जिवाच्या आकांताने घाबरले होते, आणि तरी बरोबर ऐकलं होतं.

मी चिंधी हातात घेतली. ती वाळून कडक झाली होती. बोटांना अजून मिठाची कचकच लागली.

“काहीतरी बोल की,” तो म्हणाला.

निरांजन अजून तेवत होतं. आत शिट्टी झाली.

त्याने दाराकडे बघितलं. मग माझ्याकडे बघून, लहानपणी मार चुकवताना बोलायचा तशा बारीक आवाजात म्हणाला, “आक्का, दुसरी झाली बहुतेक.”

“तिसरी,” मी म्हटलं, आणि उठून गॅस बंद केला.